हाडं ठिसूळ झाली म्हणे, आता काय? चाळिशी-पन्नाशीतल्या ऑस्टिओपोरोसिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटातल्या बाया, त्यांच्या नणंदा, कोणाचे काका, कोणाची विहीण, सगळ्यांचे तेच तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, म्हणून एका जागी लिहून ठेवले. मी डॉक्टर नाही, मला स्वतःला हा आजार आहे आणि तो घेऊनच घर-वावर सांभाळते. गोळी कोणती, किती, कधी थांबवायची हे तुमचा डॉक्टरच ठरवणार. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नावगाव काढलं.

१. रिपोर्टमध्ये ऑस्टिओपोरोसिस लिहून आलं, म्हणजे मले नेमकं झालं काय?

हाड एकदा बनलं की तसंच राहतं असं नसतं. शरीर जुनं हाड खरवडत असतं आणि त्या जागी नवीन भरत असतं, हे आयुष्यभर चालू. तिशीपर्यंत भरणं जास्त, मग हळूहळू खरवडणं वरचढ होतं, आणि बाईची पाळी गेली की पहिली पाच-सात वर्षं तर फारच भराभर. हाड आतून विरळ होतं, वाळवी लागलेल्या बल्लीसारखं, वरून धड दिसते पण भार आला की कडकन जाते. मनगट, पाठीचे मणके आणि खुबा ह्या तीन जागा जास्त मोडतात. कॅन्सर नाही, लागट नाही, आणि उद्यापासून खाटेवर पडून राहायचं असंही काही नाही.

२. माझे गुडघे तं पाच वर्षांपासून दुखतात. हेच का ते?

नाही. गुडघ्यातली गादी घासते तो संधिवाताचा प्रकार वेगळा. हाडं ठिसूळ होणं दुखतच नाही, मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. दोन्ही एकाच बाईला असू शकतं, पण गुडघ्याच्या गोळीनं हाडं मजबूत होत नाहीत आणि हाडाच्या गोळीनं गुडघा थांबत नाही. "हाडाची गोळी चार महिने घेतली, गुडघा तसाच, म्हणून बंद केली" असं सांगणाऱ्या बाया मला दर महिन्याला भेटतात.

३. टी-स्कोर उणे २.७ म्हणजे किती वाईट?

डेक्सा नावाचं स्कॅन असतं, त्यात कंबरेचे मणके आणि खुबा तपासतात, कधी मनगटही. नुसतं पडून राहायचं, सुई नाही, मशीनमध्ये कोंबत नाहीत, आणि किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. तुमच्या हाडाची तुलना तरुण निरोगी हाडाशी केली की जो आकडा येतो तो टी-स्कोर. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधलं ते ऑस्टिओपेनिया म्हणजे अलीकडची पायरी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे तुमचा उणे २.७ रेषेच्या जरा खाली आहे.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. उभ्या उभ्या घसरून कोणाचा मणका किंवा खुबा मोडला असेल तर स्कोर उणे २ असला तरी तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात. आणि पाळी चालू असलेल्या बाईला किंवा पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला झेड-स्कोर पाहतात, म्हणजे आपल्याच वयाच्या हाडाशी तुलना, टी नाही. आपल्याकडे रिपोर्ट हातात दिला की शेजारचा मेडिकलवालाच आकडा वाचून सांगतो, तेव्हा हे लक्षात ठेवा.

४. गावात कॅम्प होता, टाचेवर मशीन लावून "हाडं कमजोर" असं सांगितलं आणि कॅल्शियमचा डबा दिला. खरं मानू का?

टाचेची मशीन फक्त संशय दाखवते. त्यावरून ना आजार पक्का होत, ना औषध सुरू करायचं. वय, पाळी, आधीचं फ्रॅक्चर पाहून डॉक्टरला वाटलं तर डेक्सा करा. डेक्सा सगळीकडे नाही, तालुक्याला तर नाहीच म्हणा, नागपूर-सेवाग्राम-सावंगीकडे जायच्या आधी फोन करून विचारा की मशीन चालू आहे का आणि कोणत्या दिवशी करतात, नाही तं एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही गेलं. आणि कॅम्पमधला डबा विकत घ्यायला लावला असेल तर समजून घ्या काय ते.

५. मी ४६ची. हे तं म्हाताऱ्यायले होते ना, मले आत्ताच काहून?

आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, म्हणजे हाडांची उतरंड तिथूनच सुरू. पण चाळिशीत रिपोर्ट आला तर कारण शोधायलाच पाहिजे, नुसतं वय म्हणून सोडू नका.

आपल्या भागात पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की पिशवी काढली का, कितव्या वर्षी, आणि पिशवीसोबत अंडाशयंही काढली का? तीस-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन एका दिवसात बंद, म्हणजे त्या बाईच्या हाडांची पन्नाशी पस्तिशीतच आली. अंडाशयं ठेवली असली तरी ती थोडी लवकर थांबू शकतात. ऑपरेशनचं कार्ड घरात शोधा, त्यात लिहिलेलं असतं. इतक्या कमी वयात अंडाशयं गेली असतील तर हार्मोनची गोळी चालेल का हे स्त्रीरोगतज्ज्ञाला जरूर विचारा, कोणाला चालते कोणाला नाही.

दुसरं स्टेरॉइड. दम्यासाठी, सांध्यांसाठी महिनोन्महिने घेतलेलं, किंवा घेतलेलं माहीतच नसलेलं. कुठल्यातरी गावाहून आणलेल्या "वाताच्या पुड्या", ज्यानं दोन दिवसांत बाई टुणटुण चालायला लागते, तोंड सुजतं, भूक वाढते, त्यात बरेचदा स्टेरॉइडच कुटलेलं असतं. पण अशी पुडी खूप दिवस चालू असेल तर एकदम बंद करू नका, शरीर कोसळतं, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

बाकी थायरॉइड जास्त असणं, फिटच्या काही गोळ्या, वर्षानुवर्षं चालू असलेली अ‍ॅसिडिटीची गोळी, तंबाखू, दारू, फारच बारीक शरीर, आणि आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला असणं. सरकारी दवाखान्यातलं मूल लांबवायचं अंतरा इंजेक्शन चालू असताना हाडाची घनता थोडी उतरते पण बंद केल्यावर सहसा भरून येते, तेवढ्यासाठी घाबरू नका.

६. मग रक्ताच्या एवढ्या तपासण्या कशाले?

वरची कारणं पकडायला. कॅल्शियम, फॉस्फरस, डी जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीचं), हिमोग्लोबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, कधी पॅराथायरॉइड. एक गोष्ट मुद्दाम सांगते. डी फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात, त्याचं नाव ऑस्टिओमलेशिया, त्यात अंग ठणकतं, मांड्यांत जोर राहत नाही, बसलेलं उठवत नाही, आणि डेक्सातही हाडं कमजोरच दिसतात. त्याचा इलाज डी आणि कॅल्शियम. ठिसूळपणाच्या गोळ्या त्यावर नाहीत. म्हणून आधी रक्त, मग गोळी.

७. दिवसभर वावरात असतो, विदर्भाचं ऊन म्हणजे काही विचारू नका, तरी माझं डी कमी कसं?

कापूस वेचताना अंगावर काय असतं ते पाहा ना. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला दुपट्टा. उघडे फक्त हाताचे पंजे. चामडीवर ऊन पडल्याशिवाय डी तयार होत नाही, आणि सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं पण त्यात डी बनवणारी किरणं जवळपास नसतातच, ती साधारण ११ ते ३ मध्ये. हिवाळ्यात दुपारी हात-पाय उघडे ठेवून अर्धा तास अंगणात तूर निवडत बसा. एप्रिल-मे मध्ये मात्र हा प्रयोग नको, उष्माघातानं जीव जाईल, तेव्हा दहाच्या आसपास थोडा वेळ पुरे. इतक्यानं फारच कमी असलेली पातळी भरून निघत नाही, औषध लागतंच.

औषध म्हणजे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे. रोज नाही. रोज घेतलेल्या बाया आहेत, मग उलट्या, तहान, बद्धकोष्ठ, आणि कॅल्शियम चढून किडनीला धोका. घरात कॅलेंडर असेल तर रविवारावर खूण करा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना "बाजाराच्या दिवशी पुडी" एवढं सांगितलं की बस.

८. खायचं काय? दूध सगळं डेअरीवर जाते, आमच्या वाट्याले चहापुरतं.

दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पाहिजे, पाळी गेल्यावर १२००. मोठा पेलाभर दूध म्हणजे जवळपास ३००. दही, ताक तसंच, पण पाणीच जास्त घातलेलं ताक मोजू नका. तीळ फार चांगले, न सोललेल्या तिळाच्या मोठ्या चमच्यात शंभराच्या वर, आपण ते फक्त संक्रांतीला आठवतो, चटणी करून रोज भाकरीसोबत खा. जवसाची चटणी घरोघरी असतेच, तीही चालते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, चवळीची भाजी, बांधावर फुकट मिळते. पालकातलं कॅल्शियम अंगी कमीच लागतं, भाजी म्हणून खा पण हिशोबात धरू नका. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, दुकानात मिळाली तर भाकरीच्या पिठात मिसळा. खाणाऱ्यांनी बारीक मासोळ्या काट्यासकट, भंडारा-गोंदियाकडच्यांना हे सांगायला नको.

प्रोटीन सगळे विसरतात. हाड काही नुसत्या कॅल्शियमचं नसतं. वरण पातळ पाणी न करता घट्ट, चणे, शेंगदाणे, अंडी. आणि आठवड्यातून तीन तीन उपास साबुदाण्यावर काढणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, त्यात स्टार्चशिवाय काही नाही, उपास करायचाच तर राजगिरा, दही, दूध, शेंगदाणे घ्या, देव काही म्हणत नाही. शेवटी सांगायचं तर घरात बाई सगळ्यांत मागून जेवते आणि उरलेलं खाते, ते बदलल्याशिवाय ही यादी भिंतीवर लावून काही होणार नाही.

९. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यात खाल्ला की हाडं लोखंडासारखी होतात असा मेसेज आला होता.

तो मेसेज मला दर दिवाळीला येतो. खायचा चुना जहाल असतो, तोंडाला-अन्ननलिकेला इजा करतो, मापात काही नसतं, आणि ज्याला हाडाची गोळी चालू आहे त्यानं तर अन्ननलिका जपायला पाहिजे (प्रश्न १४ पाहा). आणि खर्ऱ्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोट्यात, चुना असतोच की, मग खर्रा खाणाऱ्यांची हाडं सगळ्यात मजबूत असायला पाहिजे होती. तंबाखूनं हाडं उलट लवकर झिजतात.

१०. शेतातलं काम सोडू का? सोडलं तं खाऊ काय?

सोडू नका, बदला. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि "आराम करा" हे उत्तर सगळ्यात वाईट, कारण हाडाला भार मिळाला नाही तर ते अजून पातळ होतं, आणि मांड्यांतला जोर गेला की माणूस पडतो. चालणं, उभ्यानं काम करणं हाडाला चांगलं. वाईट काय, तर कंबरेतून पुढे वाकून वजन उचलणं आणि वाकलेल्या स्थितीत अंग पिळणं. मणके त्यातच दबतात.

म्हणजे उभ्यानं कापूस वेचणं चालेल, पण कमरेची झोळी गच्च भरेपर्यंत थांबू नका, अर्ध्यावर रिकामी करा, आणि गाठोडं दुसऱ्यानं उचलायचं. सोयाबीन सोंगणं, वाकून निंदण, ह्या कामांत दिवसभर कंबर दुमडलेली असते, जमत असेल तर ते दुसऱ्या बाईशी बदलून घ्या, नाही तं बसून, मांडी किंवा पाटावर, दर अर्ध्या तासाला उठून पाठ मागे ताणा. लांब दांड्याचं अवजार घ्या. पाठीवरचा १६ लिटरचा पंप नको. पाण्याचा गुंड अर्धा भरा, छातीशी धरून गुडघ्यातून बसून उचला, डोक्यावर गुंडावर गुंड नको. सरपणाची मोळी, शेणाचं भरलेलं घमेलं, गव्हाचं पोतं सरकवणं, हे ज्याच्या पाठीचं फ्रॅक्चर झालंय त्यानं पूर्ण बंद.

मजुरीवर जाणाऱ्या बाईला मुकादम असं निवडून काम देत नाही हे मला माहीत आहे. तरी जोडीदारणीला सांगून ठेवलं की वजनाचं ती करते आणि वेचणीचं तुम्ही, हे आमच्याकडे होतं.

११. काम करतोच की दिवसभर, मग वेगळा व्यायाम कशाले?

कारण शेतातलं काम पुढे वाकवतं, पाठीचे स्नायू आणि तोल त्यानं सुधारत नाही. तीन गोष्टी पुरेत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा वर-खाली, आणि खांब धरून एका पायावर उभं राहणं. चहा उकळेपर्यंत होतं. योगाच्या क्लासला जात असाल तर पुढे वाकायची आसनं सोडा, पश्चिमोत्तानासन, हलासन, पायाचे अंगठे पकडणं, तसंच झटके देऊन सूर्यनमस्कार. सर चिडले तर रिपोर्ट दाखवा.

१२. पडू नये म्हणून काय करू?

मनगट आणि खुबा मोडतात ते बहुतेक पडल्यानंच, म्हणून अर्धा इलाज इथंच आहे आणि पैसे लागत नाहीत. न्हाणीत शेवाळ घासून काढा, खडबडीत फरशी किंवा निदान पोतं टाका, भिंतीला धरायला पाईप ठोकून घ्या. सारवलेलं अंगण वाळेपर्यंत त्यावर जायचं नाही. रात्री उठायचं तर उशाशी टॉर्च, लाइटचा भरवसा नाही. पावसाळ्यात काळी माती म्हणजे साबण, धुऱ्यावरून चालताना काठी घ्या, पन्नाशीत काठी घ्यायला लाजू नका. घासलेली स्लिपर फेकून द्या, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घ्या. दावं सुटलेल्या वासराच्या मधात जाऊ नका. डोळ्याचा नंबर, मोतिबिंदू तपासा. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीनं उठताना गरगरत असेल तर डॉक्टरला सांगा.

१३. गाडीवर मागे बसले, खड्ड्यात आदळली, तेव्हापासून कंबरेत उसण भरली. पायाळूची लाथ घेऊ का?

मायबाई, नको. बिलकुल नको. पायाळू माणसानं लाथ मारली की उसण जाते असं आपल्याकडे मानतात, पण ठिसूळ हाडाच्या बाईला आदळल्यावर, शिंकल्यावर, गुंड उचलल्यावर एकदम कळ आली तर ती उसण नसून दबलेला मणका असू शकतो, त्यावर लाथ म्हणजे उरलेला मणकाही गेला. कंबरेवर पाय देऊन तुडवणं, हाड बसवणाऱ्याकडून कडकड वाजवणं, हेही नाही. एक्स-रे काढा. पायात मुंग्या, जोर कमी, लघवी-संडासवर ताबा नाही असं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

आणि गुपचूप दबणारे मणकेही असतात. उंची तरुणपणापेक्षा दीड इंचाच्या वर कमी झाली, ब्लाउज पाठीत फुगायला लागला, तर दुखत नसलं तरी एक्स-रे करा. प्रवासाचं म्हणाल तर एसटीत मागच्या चाकावर आणि शेवटच्या बाकावर बसू नका, पुढे मधात बसा, गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसा आणि चालवणाऱ्याला स्पीडब्रेकर सांगत राहा.

१४. आठवड्याची गोळी दिली. इतके नियम काहून?

अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम असेल, आठवड्यातून एकच. ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते, आणि पोटात काहीही असलं तर अंगी लागतच नाही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहा नाही, तंबाखू नाही, दुसरी गोळी नाही. तेवढ्या वेळात अंगण झाडता येत नाही कारण झाडताना वाकतो, फिरून या. जळजळ वाढली, गिळताना दुखलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरकडे.

कॅल्शियमची गोळी त्या सकाळी नको, जेवणासोबत दुपारी-रात्री घ्या. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर, लोहाच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं.

१५. वर्षाच्या सलाईननं ताप येते म्हणे?

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. हो, पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, फ्लूसारखं होऊ शकतं, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, दुसऱ्या वर्षी सहसा कमी होतं. आधी डी-कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय घेऊ नका. ज्यांना प्रश्न १४ चे नियम पाळणं जमत नाही, पहाटेच वावरात निघावं लागतं, त्यांना मला हेच सोयीचं वाटतं, पण पेरणीच्या आठवड्यात घेऊ नका.

१६. सहा महिन्याचं इंजेक्शन होतं, पेरणीत राहून गेलं, आता आठवा महिना. चालते ना?

नाही चालत, आजच फोन करा. डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅमचं असेल. वरची आठवड्याची गोळी आणि वर्षाचं सलाईन हाडात साठून राहतात, थोडा उशीर झाला तर बिघडत नाही. ह्याचं तसं नाही, असर संपला की हाडांची झीज एकदम उसळते आणि काही जणांचे एकापेक्षा जास्त मणके एकदम मोडतात. म्हणून सातवा महिना उलटू द्यायचा नाही, आणि बंद करायचं झालं तरी त्यामागून दुसरं औषध लावूनच. सुरू करायच्या आधीच विचार करा की दर सहा महिन्यांनी पैसे आणि जाणं जमेल का. जमणार नसेल तर डॉक्टरला मोकळेपणानं सांगून दुसरं मागा.

रोज टोचायचं टेरिपॅराटाइड तर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि सहसा दोन वर्षंच देतात. लाइट दहा-दहा तास जात असेल तर ते आधी बोला.

१७. ह्या औषधानं जबडा सडतो, मांडी मोडते असं यूट्यूबवर पाहिलं.

होतं, पण फार क्वचित. जबड्याचं दहा हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. उपचार न घेता खुबा मोडणं त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. पण आपल्याकडे खर्ऱ्यानं दात-हिरड्या आधीच खराब, म्हणून औषधाआधी दाताच्या डॉक्टरला दाखवून काढायचे ते दात काढून घ्या, आणि पुढे कधीही दात काढायचा झाला तर हे औषध चालू असल्याचं सांगा. मांडीत किंवा जांघेत काही आठवडे खोल ठणका राहिला तर एक्स-रे. म्हणूनच गोळी साधारण पाच वर्षांनी, सलाईन तीन वर्षांनी तपासून काही काळ थांबवतात, पण डॉक्टरनं सांगितल्यावर, आणि डेनोसुमॅबला ही सुट्टी लागू नाही.

१८. रिपोर्ट आल्यापासून भेवच बसलं. पाय टाकायले भेव वाटते. घरचे म्हणतेत नाटक करते.

पहिले काही महिने बहुतेकांना असंच होतं. रात्री कूस बदलतानाही वाटतं काही मोडेल का. भीतीनं हालचाल कमी, त्यानं जोर कमी, त्यानं पडण्याची शक्यता जास्त, म्हणून भीतीचा इलाज प्रश्न ११ मधला व्यायाम. दोन-तीन महिन्यांत पायात भरवसा येतो.

घरच्यांचं अवघड आहे. ताप दिसतो, प्लास्टर दिसतं, हे काहीच दिसत नाही. तुम्ही घरी येऊन सांगण्यापेक्षा पुढच्या वेळी नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत न्या आणि "हिनं वजन उचलायचं नाही" हे डॉक्टरच्या तोंडून ऐकवा, चिठ्ठीवर लिहूनही घ्या. गुंड कोण भरणार, पोतं कोण उचलणार हे त्याच दिवशी ठरवा. महिनाभर झोप नाही, जेवण नाही, रडूच येतं असं असेल तर तेही डॉक्टरला सांगायचं, ते नाटक नाही.

१९. कॅल्शियमनं मुतखडा होते, म्हणून बंद केलं.

खाण्यातलं कॅल्शियम खडा करत नाही, उलट ते कमी केलं तर खडे वाढू शकतात. गोळी जेवणासोबत घ्या, पाणी भरपूर, आणि आधी खडा झाला असेल तर डॉक्टरला सांगून मात्रा ठरवा. खाण्यातून पुरत असेल तर गोळी लागतही नाही.

२०. माणसायले होते का?

होते, आणि उशिरा कळते. माणसात सहसा काहीतरी कारण निघतं, दारू, बिडी, स्टेरॉइड, पुरुषी हार्मोन कमी, किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं हार्मोन बंद करणारं इंजेक्शन.

२१. आमच्या गावच्या बोअरला फ्लोराईड आहे. डेक्सा तं चांगला आला, मग हाडं चांगली ना?

हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत अशी गावं बरीच आहेत, पोरांचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे दिसले की ओळखा. फ्लोराईड हाडात साठलं की हाड स्कॅनमध्ये दाट दिसतं, आकडा चांगला येतो, पण ते हाड ठिसूळच असतं, शिवाय मान-कंबर आखडते. डॉक्टरला गावाचं पाणी सांगा, ते विचारत नाहीत कधी कधी. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट आटून वाढतं. ग्रामपंचायतीला सांगून नमुना तपासायला लावा आणि प्यायला दुसरं पाणी पाहा.

२२. मले किडनीचा त्रास आहे / मुलीले सिकलसेल आहे, तरी हेच औषध?

खारपाणपट्ट्यातून, म्हणजे अकोला-बुलडाणा-अमरावतीकडून पहिला प्रश्न नेहमी येतो. ईजीएफआर (किडनी किती काम करते तो रिपोर्टमधला आकडा) ३५च्या खाली असेल तर अ‍ॅलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक सहसा देत नाहीत, डेनोसुमॅबनं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं, आणि किडनीमुळे होणारा हाडांचा आजार वेगळाच असतो. किडनीच्या डॉक्टरशिवाय काही सुरू करू नका.

सिकलसेल असणाऱ्यांत हाडं विरळ होतातच, पण खुब्यात दुखत असेल तर बरेचदा रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा गोळा खराब होत असतो, तो निराळा प्रकार, एमआरआयमध्ये लवकर दिसतो. ठिसूळपणाची गोळी घेऊन वाट पाहत बसू नका.

२३. खर्च कसा भागवू? योजनेत बसते का?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. खुबा मोडून ऑपरेशन लागलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत. महिन्याच्या गोळ्या त्यात धरू नका, त्यासाठी जनऔषधी केंद्रात विचारा आणि डॉक्टरकडून औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या. पैसे कमी असतील तर माझं मत असं, की बाजारातले प्रोटीन पावडरचे डबे, "हाडजोड" चूर्ण, भस्मं सगळं सोडा, आठवड्याची गोळी आणि डीची पुडी सोडू नका. दुसरा डेक्सा लगेच सहा महिन्यांनी नको, एक-दोन वर्षांनी, आणि जमलं तर त्याच मशीनवर, कारण दुसऱ्या मशीनचा आकडा जुळत नाही.